बाबांच्या शर्टांची दुपटी

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकले,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की आई शेजारी येऊन बसते आणि अर्धं बोलणं तीच करते, म्हणून लिहितेय. तिचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. तुला सातवा लागल्यापासून बाळाचं नाक कुणावर जाणार याचा ती रोज निकाल देते आणि रोज फिरवते.

पार्सल या पत्राच्या मागोमाग येईल. आईने ट्रंकेतून बाबांचे भट्टीवरचे शर्ट काढून त्यांची दुपटी शिवली. तुला आणि मधल्याला याच शर्टांत गुंडाळून वाढवलं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते. ॲसिडने पडलेली ती बारीक भोकं तुला आठवणार नाहीत. तू त्यांत बोट अडकवून झोपायचीस आणि कुणी ते सोडवलं की घर डोक्यावर घ्यायचीस.

मधल्याला जरा बीपी आहे, असं मी फोनवर म्हणाले होते. जरा नाही गं. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. बत्तीस वर्षांचा माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी घरात कसला धंदा होता? मी सांगितलं, बाबा मागच्या शेडमध्ये गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

नंतर बाईंनी मला समजावलं, ते मला जमेल तसं लिहिते. आईबापांकडून आपल्याला जे मिळतं ते तसंच राहतं, पण त्यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद, याच्या खुणा पोटात असताना आणि पहिल्या काही वर्षांत पडतात. शिशाची धूळ अंगात गेली तर त्या खुणा भलत्याच जागी पडू शकतात. मूल हसतं, खेळतं, शाळेत जातं, कुणाला काही कळत नाही. त्रास तिशीत वर येतो. मधल्याचं नक्की असंच झालं, हे त्या छातीठोकपणे सांगत नाहीत. पण आईच्या शिवणातलं एक कातरण मी त्यांना नेऊन दिलं होतं. इतक्या वर्षांनीही त्यात शिसं निघालं.

मी तेव्हा आत्याकडे शिकायला होते, घरी यायचे ती फक्त सुटीत. माझा जन्म शेडच्या आधीचा, माझी दुपटी जुन्या चादरींची. परवा माझंही रक्त तपासलं. काही नाही. घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावून रडले. सुटले म्हणून रडले की तुम्ही दोघं सापडलात म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.

आता तुझं. मला हेच लिहायचं होतं आणि मी नाकाच्या गोष्टी सांगत बसले. शिसं हाडांत जाऊन बसतं. पोटातलं बाळ आईच्या हाडांतून कॅल्शियम ओढायला लागलं की त्याबरोबर तेही सुटतं आणि बाळाकडे जातं. म्हणून उद्याच तुझ्या डॉक्टरांकडे जा, शिशाची रक्ततपासणी करून घे आणि बाबांच्या शेडबद्दल स्पष्ट सांग. कॅल्शियमच्या गोळ्यांना कंटाळतेस, ते लाड आता बंद.

पार्सलमधली दुपटी आईची नाहीत. नवीन कापड आणून मी शिवली आहेत, टाके वाकडे आहेत ते चालवून घे. आईची डॉक्टरीणबाईंकडे दिली. तिला यातलं काही कळता कामा नये. तुम्ही पोटात असताना ते शर्ट रोज तिनेच झटकले, तिनेच धुतले. ती तुला एकच विचारेल, दुपट्यांना बाबांचा वास येतो का गं? हो म्हण.

रिपोर्ट आला की आधी मला फोन कर. वाईट असेल तर सरळ बोलू नकोस, आई ऐकत असेल. बाळाचं नाक मधल्यावर जाणार, एवढंच म्हण. आई खूश होईल. मी पहिल्या गाडीने निघेन.

त्या शर्टांत कधीच न निजलेली,
तुझी ताई