आपल्या विमानाचं ताट

आई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमचं विमान अजून उडतंय. आधी हेच सांगते, कारण तुम्हाला काळजी तेवढीच असायची. मुलगा नाही, सून नाही, विमान! लीड्सच्या एअरपोर्टमागे विमानांचं जेवण बनवणाऱ्या आपल्या किचनच्या खिडकीतून ते उतरताना दिसलं की डोक्यावरची जाळी सावरत म्हणायचात, "आलं गं आपलं." मी एकदा चिडून म्हटलंच, "तुमचं कुठलं, आई? ते ज्या देशाचं, तो नकाशात तरी पाहिलाय का?" तर म्हणालात, "त्यांचं जेवण मी लावते ना? मग आपलंच."

तेव्हा त्या बेटावरच्या देशाकडे एकच विमान, तेही भाड्याचं. शेपटीवर नवा रंग आणि त्याखालून आधीच्या मालकाचा निळा डोकावतोय. आठवड्याला दोन फेऱ्या, साठ-साठ ट्रे. मी लग्न होऊन आलेली, शाळा चौथीपर्यंत, आणि तुम्ही पहिल्याच महिन्यात मला किचनमध्ये नेऊन उभं केलंत. कुठली वाटी कुठे ते दाखवणारा फोटो भिंतीवर होता. मी कशाला बघतेय? घरी ताट वाढतात तसं वाढलं. सॅलड डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ-लिंबू वर. साठच्या साठ. सुपरवायझर आला आणि लालबुंद झाला. "हू डिड दिस?" मी ट्रॉलीच्या चाकांकडे बघतेय. तुम्ही पुढे झालात. "मी." त्याने तुम्हाला महिनाभर भांडी घासायला लावली. बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "ताट बरोबर होतं गं. फोटोच चुकीचा आहे." चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

पुढे त्या देशाने स्वतःची दोन विमानं घेतली, मग देशातच काहीतरी बिनसलं आणि लीड्सची फेरी बंद झाली. तुम्ही खिडकीपाशी डबा खायचं सोडलंत. फेरी परत सुरू झाली तेव्हा तुम्ही नव्हता. आता रोज येतं. पाच विमानं आहेत, रंग एकदम कोरा, आणि एक बाई पायलट आहे, खाली उतरली की आम्हाला हात करते. बाकीच्या विमानांत सँडविच विकतात, हे अजून ट्रे देतात. फक्त तो ट्रे आमच्या किचनचा राहणार का, हे ठरायचं होतं. दुसरं मोठं किचन त्या कामाच्या मागे लागलेलं. ते काम गेलं असतं तर आम्ही वीस बायका घरी बसलो असतो.

काल त्या विमान कंपनीच्या ऑफिसातली पोरगी आली. रिकामा ट्रे पुढे ठेवून म्हणाली, दाखवा. मॅनेजरने फोटो सरकवला, मी तो बाजूला केला आणि आपलं ताट लावलं. ती बसून जेवली, नीट, पोटभर. मग विचारलं, हे असं का? मी म्हटलं, "ज्या हाताने जेवता त्या बाजूला पोटभरीचं. चाखायचं ते पलीकडे. शेजारच्याला कोपर लागत नाही." ती हसली. काम आमच्याकडेच राहिलं, आई. आता सुरू होणाऱ्या नव्या फेरीचंसुद्धा. आणि त्या ट्रेचा फोटो काढून नेलाय, त्यांच्या सगळ्या किचनमध्ये लावणार आहेत.

फोटोखाली नाव टाकायला कुणाची आयडिया म्हणून विचारलं. मी माझं नाव सांगितलं. चुकून नाही, चांगला विचार करून.

रात्रभर ते टोचत राहिलं. सकाळी तुमच्या नातीकडून तुमचं नाव इंग्रजीत कागदावर लिहून घेतलं. "आजीचा नाव किचनच्या वॉलवर? कूल!" म्हणाली. कागद पर्समध्ये आहे, सोमवारी त्या पोरीला फोन करते. हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या जाळ्यांच्या डब्यात ठेवतेय. त्या महिन्याची भांडी माझी होती, आई.