कमी विजेत जास्त काम केल्याबद्दल झालेली बदली

प्रति,
मा. संचालक साहेब,
महासंगणक केंद्र, मुख्य इमारत.

विषय : कमी विजेत जास्त काम केल्याबद्दल झालेली माझी बदली रद्द होणेबाबत.
संदर्भ : १) आपला सोमवारचा बदली आदेश. २) आपणांस जाहीर झालेला ऊर्जाबचत पुरस्कार.

महोदय,

१. मी नऊ वर्षे या केंद्रात महासंगणकाची चालक होते. आपल्या यंत्रात हजारो प्रोसेसर हवामानाचे एकच गणित वाटून घेतात. ज्यांचे आधी उरकते ते मागे राहिलेल्यांची वाट बघत बसतात, आणि बसल्या बसल्याही पोटभर वीज खातात. मी अकरा महिने खपून कामाची वाटणी सारखी केली व रिकाम्या बसणाऱ्यांचा वेग उतरवला. वीज एक तृतीयांश कमी लागू लागली आणि वादळाचा अंदाज दीड तास आधी हाती येऊ लागला.

२. यंत्र कमी तापू लागल्याने पंख्यांचा आवाजही उतरला, आणि तिथेच घात झाला. तपासणी समितीच्या अध्यक्षांनी कक्षात येताच यंत्र बंद आहे का, असे विचारले. मग मीटर पाहून "वापर घटला, सबब काम घटले" असा शेरा मारला. आपल्याकडे चालकांची पदे वीजवापरावर ठरतात. त्यामुळे मी अतिरिक्त ठरले व भांडार विभागात गेले. सासूबाई म्हणाल्या, "काटकसर घरात करावी गं. कचेरीत केली की लोकांना संशय येतो."

३. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी सर्व प्रोसेसर पुन्हा पूर्ण वेगाने सोडले आहेत. मंजूर वीज वापरली नाही तर पुढच्या वर्षी मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच आहे. अंदाज पुन्हा उशिरा येतो, पण कक्षात काम चालल्यासारखे वाटते. अर्जात लिहू नये, तरी लिहिते : मला फार वाईट वाटते, साहेब.

४. माझ्या त्याच आकड्यांवर आपणांस पुरस्कार मिळाला, याबद्दल अभिनंदन. विषय दुसऱ्या कोणाला कळत नसल्याने भाषण मीच लिहावे, हा आपला निरोप मिळाला. ते सोबत जोडले आहे.

५. तरी बदली रद्द करून मला यंत्रावर परत घ्यावे. समारंभाला बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत व भाषणानंतर ते प्रश्न विचारतात, असे ऐकते. माझी नेमणूक त्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडण्यावर आहे. तोवर आदेश निघाल्यास मी पुढच्या रांगेत बसू शकेन.

आपली आज्ञाधारक व अतिरिक्त,
(सही)
माजी यंत्रचालक
दि. १२ मार्च

सोबत : भाषण, दोन पाने. प्रश्नांची उत्तरे जोडलेली नाहीत.