ठरवताना मी बाहेर होते

अहो,

वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन. आज लिहायला बसलेय ती काही प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. काल सुलभा आली होती. तीच, तुमची बुरोंडीची सुलभा! तिचाही कॅन्सर आता पसरलाय. केमो चालू ठेवायची की थांबायचं, हे डॉक्टरांनी तिलाच ठरवायला सांगितलंय. पडवीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊ असते तर त्यांना इचारलं असतं."

काय आग झाली म्हणून सांगू! नवरा माझा, आणि उणीव हिला?

तुम्ही तरी काय कमी केलंत? दापोलीहून रत्नागिरीला जायचं तर पहाटेच्या एसटीत तुमच्या शेजारी मी, डबा माझ्या मांडीवर. तिथे पोचलं की आत तुम्ही दोघं शेजारी शेजारी सलाईन लावून, आणि मी बाहेर बाकड्यावर. आतून तुमचं हसू ऐकू यायचं. घरी तर कण्हण्यापलीकडे आवाज नव्हता तुमचा. असं काय बोलायची हो ती?

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आजाराचं सगळं तुम्हाला सांगू की घरच्यांना? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, मला सांगा, माझं मी ठरवीन. आणि मला चहा आणायला पिटाळलंत! परसात नवं कलम कुठे लावायचं हेसुद्धा मला विचारणारा माणूस तो! सुलभाचं सगळं उलट. ती म्हणायची, मला काही सांगू नका, तुम्हाला बरं वाटेल ते करा. स्वतःचं काही ऐकायचं नव्हतं तिला, पण तुमचं सगळं ठाऊक.

इतकं ठाऊक, की तुम्ही केमो थांबवताय हे मला तिच्या तोंडून कळलं. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपला होतात, आणि ती सहज बोलून गेली, "भाऊंनी आज सांगितलानी डॉक्टरांना, आता पुरे." मला आधीच माहीत असल्यासारखी मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

घरी येऊन भांडले, तर तुम्ही म्हणालात, "तुला विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी घेत राहिलो असतो."

मग रडू द्यायचं होतंत ना! मी नाही रडायचं तर कोणी रडायचं?

काल मी तिला चहा देऊन वाटेला लावणार होते. पण तिनं विचारलं, "वयनी, थांबल्यावर भाऊंना खूप तरास झाला काय?" हे तिला ठाऊक नव्हतं! कसं असणार? ठरवलंत तिच्याजवळ, पण पुढचे दिवस काढलेत माझ्याजवळ. ती रडवेली झाली होती आणि मला आतून बरं वाटत होतं. जळते मी तिच्यावर, अजून जळते.

तरी मंगळवारी तिच्यासोबत जाणार आहे. वचन देते, तिला हवं असेल तर डॉक्टरांसमोर तिच्याशेजारी बसेन, पण माझं मत तिच्या गळ्यात मारणार नाही. ते दिवस मात्र सांगेन. उलट्या थांबल्यावर कुळथाचं पिठलं मागून खाल्लंत तेही, आणि शेवटी औषधालाही न जुमानणारं दुखणं, तेही.

एक सोडून. एका सकाळी माझा हात धरून तुम्ही विचारलंत, "बरं केलं ना गं मी?" आणि मी हो म्हणाले. ते तिला नाही सांगायची. सगळ्या आजारपणात तुम्ही मला विचारलंत ते तेवढंच.

तुमची,
अजून रागावलेली सुनंदा