दोराचं दुसरं टोक

मी, संघपाल नामदेव तेलगोटे, वय छप्पन्न, सैन्यातून सेवानिवृत्त हवालदार, राहणार मौजे बोरखेड, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात अमरावतीचे डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. पत्नी चतुराबाईंची आहे, पण ती लग्नापासूनचीच असल्याने कायद्यात धरू नये.

१. राहतं घर व पेन्शनीतून साठलेली ठेव चतुराबाईंची. त्यांच्या पश्चात अनुप व दीक्षा या माझ्या दोन्ही लेकरांची सारखी. आई जिवंत असेपर्यंत अनुपने घर दाखवायला गिऱ्हाईक आणू नये.

२. सत्कारात मिळालेली स्मृतिचिन्हं अनुपला. त्याच्या पुण्याच्या फ्लॅटात काचेचं कपाट आहे आणि त्यात ठेवायला काही नाही.

३. सत्काराच्या शाली कुणालाच देत नाही, कारण उरल्याच नाहीत. सैन्यात मी पूल बांधले, बोटी चालवल्या. निवृत्तीनंतर पूर्णा नदीत बुडालेल्यांना शोधून काढायचं काम फुकट केलं. झेंडावंदनाला गाव मला शाल पांघरायचं. पुढे कुणाला काढलं की तीच मी त्याच्यावर पांघरायचो. आधीची शाल कुठे गेली, हे देणाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

एक शाल माजी सरपंच खुशालराव गावंडे यांनी दिलेली. ती त्यांच्याच पोरावर, नितेशवर गेली. विसर्जनाला तो बुडाला, तेव्हा आधी गावातले पोहणारे उतरले, मग तालुक्याहून माणसं आणली. आमची बौद्ध वस्ती नदीला सर्वांत जवळ. फोन तिथे सर्वांत शेवटी आला. काठावर खुशालराव मला म्हणाले, "येवढा उशीर कावून केला बे, संघपाल?"

उत्तर जिभेवर होतं. पोराच्या पायाशी बसलेल्या बापाला ते द्यायचं नसतं, म्हणून गिळलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ते उत्तर अजून पचलेलं नाही. तेही मी कुणाच्या नावे करत नाही.

४. दोर, आणि दोर ज्याचा त्याचीच बोट व लोखंडी गळ. अनुप म्हणतो, "बाबा, दोरावर कपडे वाळू घाला." दीक्षाला मात्र तो हवाय. ती नर्सिंग शिकते, पोहण्यात माझ्याहून पक्की. मी नाहीच म्हणत आलो. परवा तिने विचारलं, "बाबा, तुमी बुडाले तं तुमाले कोन काढन?" स्वयंपाकघरातून आवाज आला, "तिले पाठवाचं असन तं मले पयले ढकला!"

दोराचं एक टोक पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला असतं. दुसरं ज्याच्या हातात, जीव त्याच्या हातात. माझं दुसरं टोक माझा जोडीदार श्रावण धरायचा. तो मागच्या उन्हाळ्यात वारला. तिचं कोण धरेल? लेकीला उतरू द्यावं की नाही, मला ठरवता येत नाही. ज्याने स्वतःचं पोर पाण्यातून निघताना पाहिलं, त्यानेच सांगावं. खुशालरावांनी खाली सही केली, तरच दोर दीक्षाचा. नाही केली, तर तो माझ्यासोबत जाळावा.

वकीलबाई रागिणीताई म्हणाल्या, "काका, साक्षीदार दोनच लागतात, आणि त्यांच्यावर अशी जबाबदारी टाकत नसतात." असू दे. पहिले दोन कायद्यासाठी, तिसरा माझ्यासाठी.

ठिकाण: बोरखेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: संघपाल नामदेव तेलगोटे

माझ्यादेखत सही करणारे साक्षीदार:
१. साधना गवई, अंगणवाडी सेविका
२. केशवराव ढोरे, निवृत्त शिक्षक
३. खुशालराव गावंडे

(तिसऱ्या सहीखाली, त्यांच्याच अक्षरात:)
पोरीले दोर दे. दुसरं टोक मी धरतो. कोनी बुडाल्याची खबर आली का पयला फोन मले करजो.