पक्का नंबर लागेपर्यंत

६ फेब्रु., शुक्र.
गाडी आली! अमरावतीत पांढऱ्या रंगासाठी दोन महिने थांबा म्हणाले, म्हणून अकोल्याहून घेतली. दुसऱ्या जिल्ह्यातली, त्यामुळे तात्पुरता नंबर. पिवळी पाटी, लाल अक्षरं, मुदत ७ मार्च. त्याआधी इथल्या आरटीओत पक्का नंबर घ्यायचा.
मूर्तिजापूरपर्यंत मी चाळीसच्या वर गाडी नेली नाही. शेजारी बाबा, चौतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. किल्ली पुढे केली तर मागे सरकले. "पिवळ्या पाटीवर नाही बाई. पक्का नंबर लागला का अकोटले नेतो तुले." गाडी त्यांच्यासाठीच घेतली, हे मी सांगितलं नाही.

८ फेब्रु., रवि.
ठरलं. नंबर ४४१७. बाबांच्या अकोट-अमरावती बसचा. त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. चालू सिरीजमध्ये तो गेलाय. नवी सिरीज दहा-बारा दिवसांत उघडेल म्हणतात. थांबू.

२० फेब्रु., शुक्र.
सिरीज नाही. रोज शाळेतून आरटीओत फोन. "उघडली का समजतेच मॅडम."
बाबा रोज सकाळी गाडी पुसतात, टायर दाबून पाहतात. "काहून येऊन नाही राहिला नंबर?" मी थापा मारते. आज वर्गात पोरांवर उगाच ओरडले.

२७ फेब्रु., शुक्र.
बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं जातंय.
येताना गाडीत बाबा सहज म्हणाले, लायसन १० मार्चले संपते, पुढचं पाहिजे तर डॉक्टरची सही लागते. "तो देणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीबी नसती देली."
अकरा दिवस. आणि मी नंबर निवडत बसलेय. अक्कल गहाण ठेवली होती का मी?

२ मार्च, सोम.
४४१७ सोडला. मिळेल तो द्या म्हटलं. तर अकोल्याच्या शोरूमने अर्जात पत्ताच चुकवलेला. फोन केला. "करून राहिलो मॅडम." कधी? "झालंच समजा." उद्या धुळवड, ऑफिस बंद. कशात लक्ष लागत नाही. भाजी दोनदा करपली.

७ मार्च, शनि.
मुदत संपली. काल तपासणी झाली, टॅक्स भरला, नंबर नाही. गाडी आजपासून दारात कैद.
दुपारी जेवताना बाबांना सगळं सांगून टाकलं. खूप हसले. "४४१७? अवं, तो डबडा अंजनगावपर्यंत तीनदा बंद पडे! लय शिव्या घातल्या मी त्याले." मग हसता हसता थांबले. अर्धी पोळी ताटात तशीच. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

१० मार्च, मंगळ.
नंबर काल मोबाईलवर आला. पाट्या शुक्रवारी. त्या लागल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, आरटीओत दोनदा बजावलं.
रजा टाकली. कशासाठी, माहीत नाही. बाबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. किल्ली मागितली नाही, खुंटीवरून घेतली. आता स्टेअरिंगवर बसलेत.
"बाबा, पाटी नाही अजून."
"मले मालूम हाय. चौतीस वर्षांत बिना नंबरची एक गाडी नाही काढली मी. तू गेट उघड."
सुचत नाही म्हणून पायरीवर बसून लिहितेय. चालान होईल, होऊ दे. पण कडेचं दिसत नाही त्यांना. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्या बसतात, सायकली मध्येच घुसतात... आणि लायसन आजच संपतंय, उद्या त्यांना विचारायलाही काही उरणार नाही.
इंजिन चालू आहे. एकदा हॉर्न वाजवला त्यांनी. परत वाजवला.
मी उठते.