पेटीचं माप

४ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, खोली मिळाली, दोन्ही वेळा जेवते. तुमचे तीन प्रश्न पहिल्याच ओळीत संपवले, आता माझं ऐका.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की वरून कोणी येत असलं तर खालच्यानं थांबायचं. सराव संपला की बाकीच्या मुली आपापल्या घरी जातात आणि मी खोलीवर येते. मग सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. काल कोपऱ्यावरच्या दुकानात नको असलेला साबण घेतला, तेवढेच चार शब्द झाले.

आता मुद्द्याचं. परवा सामन्याला जाताना बसच्या डिकीत माझ्या किट बॅगवर कोणाची तरी भलीमोठी सुटकेस आदळली. तुम्ही शिवलेल्या त्या पिशवीच्या एकाही टाक्याला धक्का लागला नाही, कॅनव्हासवर ओरखडासुद्धा नाही. पण आत बॅटचा दांडा तडकला आणि यष्टिरक्षणाचे हातमोजे पार चेपले. इथे बऱ्याच जणींकडे कडक कवचाच्या पेट्या आहेत. चाकं आहेत, आत फोम, वर हत्ती बसला तरी चालेल. पण रिकामी पेटीसुद्धा जड, आणि मला तीन जिने. पिशवी बापडी खांद्यावर टाकली की निघालं, रिकामी केली की घडी घालून खाटेखाली.

प्रशिक्षक बाई म्हणतात, क्लब पेटी देतो, आतला फोम जिच्या तिच्या सामानाच्या मापानं कापून. मात्र तीन वर्षांचा करार करेल तिलाच. एका हंगामापुरत्या आलेल्यांनी आपली पिशवी सांभाळावी. महिनाअखेर सांगायचं आहे. मी निघताना तुम्ही म्हणाला होतात, पिशवीवाला परत येतो, पेटीवाला मुक्काम ठोकतो. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. तीन वर्षं तुम्ही त्या घरात एकटे कसे राहाल? सांगा, पेटी की पिशवी?

लोभ आहेच, तो टपालानं पाठवत राहावा.

तुमची,
ठकू


१७ ऑक्टोबर (कार्ड)

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. पेटीचं विचारलं म्हणून रागावलात का? रागावला असाल तर तसं लिहा, पण गप्प बसू नका, इथे तिसऱ्या मजल्यावर तसंही माझ्याशी कोणी बोलत नाही. खरं सांगते, मला पेटी हवी आहे. पण तुम्ही मनापासून हो म्हटल्याशिवाय मी ती घेणार नाही. तुम्ही आणखी एकटे पडाल, एवढंच मनाला लागून राहिलं आहे.

तुमची,
ठकू


२१ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. त्याआधीचं पत्र काही आलं नाही, टपालवाल्यालाही विचारलं. पण कार्डावरून सगळं कळलं. आपल्या घरात पेटी म्हटलं की ती एकच.

मी रागावलेलो नाही. तुझी आई आठवली, एवढंच. तुझी आई तुला शिकवायला बसायची आणि तू चेंडू घेऊन पळायचीस. ती म्हणायची, एक दिवस आपणहून मागेल. तिचं खरं झालं, बघायला मात्र ती नाही.

खोटं कशाला लिहू? ती गेल्यापासून पेटी मी रोज संध्याकाळी उघडतो. वाजवता येत नाही हे तुला माहीतच आहे. नुसता भाता हलवतो, सूर एकही दाबत नाही. भाता आत हवा घेतो, बाहेर सोडतो. घरात आणखी कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. पण म्हाताऱ्याच्या करमणुकीसाठी वाद्य अडवून ठेवणं बरं नाही. तिसऱ्या मजल्यावर तुझ्याशी कोणी बोलत नसेल तर ती बोलेल. तेव्हा मनापासून हो.

तिची गवसणी विरली होती, नवी शिवली. निळं कापड, आत दुहेरी अस्तर. पेटी समोर होती म्हणून नीट बसली. गेली चाळीस वर्षं वाद्यांच्या गवसण्या शिवतोय, पण पत्रातून आलेल्या मापावर एकही शिवली नाही. वस्तू समोर हवी, नाहीतर कुठेतरी झोळ राहतो. शेजारचे मास्तर परवा म्हणाले, तुमच्या मुलीनं आभाळाला गवसणी घातली. मी म्हटलं, माप कोणी घेतलं होतं?

आज पार्सल टाकलं. जिन्यात जपून चढव. तिसरी काळी पट्टी अडकते, जरा हळू दाब.

आशीर्वाद आहेतच, पेटीबरोबर आणखी घातले आहेत.

तुझा,
बाबा


२७ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पेटी सुखरूप पोचली. दोन हमाल आणि मी, तिघांनी मिळून वर आणली. घरमालकीण बाई दारात येऊन विचारायला लागल्या, गाणारी आहेस हे आधी का नाही सांगितलंस? मी हसत सुटले. हमाल गेले, दार लावलं, निळी गवसणी काढली आणि मग रडत बसले.

बाबा, मी ही पेटी मागितली नव्हती हो. माझं हरवलेलं पत्र तुम्हाला मिळालं असतं तर हा घोळ झालाच नसता. मी विचारत होते क्रिकेटच्या सामानाच्या पेटीचं. कॅनव्हासची पिशवी ठेवू की कडक कवचाची पेटी घेऊ, एवढंच. हातमोजे ठेवायला मी खोकं मागितलं आणि तुम्ही आईची पेटी उचलून दिलीत. 'राहू दे ती माझ्याजवळ' असं एकदासुद्धा म्हणाला नाहीत.

आता खरा प्रश्न पुन्हा लिहिते, कारण तुमचा होकार भलत्याच पेटीला मिळाला आहे. क्लबची पेटी घ्यायची म्हणजे तीन वर्षं इथेच राहायचं. पिशवीवर भागवायचं म्हणजे मार्चमध्ये घरी. महिनाअखेरीला सांगायचं होतं. मी बाईंकडून आठ दिवस मागून घेतले. तुमची पेटीही परत पाठवते, पत्ता लिहून तयार आहे.

वाट पाहते.

तुमची,
ठकू


३१ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं पत्रही आजच आलं, दुसऱ्याबरोबर हातात हात घालून. दोन्ही वाचून मीच माझ्या डोक्यावर टपली मारली. आयुष्यभर शिवल्या पिशव्या आणि गवसण्या, आणि मुलगी पेटी म्हणाली तर गाणं ऐकू आलं!

आता धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. जे मोडलं तर पुन्हा सांधत नाही, ते पेटीत ठेवावं. जे दबलं तरी झटकून ताठ होतं, त्याला पिशवी पुरते. तुझी बॅट, तुझे हातमोजे पहिल्या जातीचे. तुझी ही तीन वर्षंही त्याच जातीची. मी दुसऱ्या जातीचा आहे. पेटी घे. करारावर सही कर. हा होकार योग्य पेटीला आहे, दोनदा वाचून बघ.

आईची पेटी परत पाठवू नकोस. जिना चढून आलेलं वाद्य उगाच उतरवू नये. इथे टेबल रिकामं दिसतं खरं. संध्याकाळी हात सवयीनं तिकडे जातो आणि परत येतो. होईल सवय. घर फार शांत झालं आहे, तुझ्यापासून लपवून काय करू?

एक सुचलं. कडक पेटीवर ओरखडे फार पडतात. तिलाही एक गवसणी शिवीन म्हणतो. लांबी, रुंदी, उंची आणि मूठ कुठे आहे तेवढं पत्रानं कळव.

आशीर्वाद पूर्वीचेच, नवे काही नाहीत.

तुझा,
बाबा


६ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सही केली. पेटी मिळाली, काळी कुळकुळीत, आतला फोम हातमोज्यांना अगदी चपखल बसतो. पहिल्याच सामन्यात ओरखडा पडला, तेव्हा गवसणी हवीच आहे.

पण मापं कळवणार नाही. चाळीस वर्षांत एकदाही न मोडलेला नियम आता मोडायला निघालात, आणि मला कळणार नाही असं वाटलं होय? वस्तू समोर हवी. वस्तू तिसऱ्या मजल्यावर आहे, आईच्या पेटीशेजारी. संध्याकाळी सरावाहून आले की मी भाता हलवते, सूर एकही न दाबता. श्वासाचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण अर्धंच खरं. दहा मिनिटं बरं वाटतं, मग हात दुखतो.

खोलीत दुसरी खाट मावते. ती मात्र मी मोजून पाहिली आहे.

तुमची,
ठकू


१० नोव्हेंबर (कार्ड)

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळच्या बसनं येतो. मोजायची टेप, जाड सुई आणि निळं कापड घेतलं आहे. किल्ली शेजारच्या मास्तरांकडे दिली. पिशवी घेऊन येतोय, पेटी नाही, तेव्हा परत जाणार हे समजून घे. जुन्या पिशवीत सामान मावेना, म्हणून नवी शिवायला बसलो. माप घ्यायचंच विसरलो. फार मोठी झाली आहे.

तुझा,
बाबा