पहिलं बोट

सांगली,
जुलै १९९६

प्रिय यशराज,

शिलाँगहून आलेलं तुझं पत्र वाचलं. तुमच्या मिलिटरी बँडातल्या त्या खासी उस्तादानं जॅझचे आणखी नवे कॉर्ड दाखवले म्हणे. दाखवू दे की! तुझं लय बरंय गड्या, सरकारनं पोसायचं आणि वर शिकवायचंही. आम्ही आपले सांगलीत कॅसेट मागं-पुढं करत कानावर पडेल ते उचलणारे.

खरं सांगू? मे महिन्यात तू सुट्टीवर आलास ते मला बाधलं. पलूसच्या जत्रेत आमच्या ऑर्केस्ट्राचं माइक-टेस्टिंग चाललेलं, आणि तू सहज म्हणून माझीच गिटार घेतलीस. एका कॉर्डच्या पकडीवरून दुसऱ्याच्या पकडीवर जाताना तुझं पहिलं बोट तारेवरून उठतच नव्हतं. बाकीची बोटं त्याच्याभोवती मुकाट जागा बदलत होती. माझी सगळी बोटं कबुतरांसारखी उडतात आणि परत बसताना खटका ऐकू येतो. आमचे मालक नानासो हातातली वायर तशीच धरून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "अनीश, ह्याला म्हणत्यात वाजवणं." तुझ्यासमोर म्हणाले. तू हसलास, ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून रोज तेवढाच बदल घोटतोय. खटका जावा म्हणून तारांना खोबरेल तेल चोळलं, आणि कडेगावच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात बोटं घसरली. गाणारी मागं वळून बघायला लागली. घरी आलो तर श्रद्धा म्हणते, यशराजभावजींना विचारा की, त्यांचं कसं लोण्यासारखं जातं. सख्ख्या बायकोनं असं म्हणावं? त्या दिवशी मी जेवलो नाही.

जळतो मी तुझ्यावर. तुला नोकरी आहे, पलूसला ऊस आहे. मला ऑर्केस्ट्रातली ती एक खुर्ची सोडली तर काय आहे रे?

हे पत्र नानासोंनी लिहायला लावलंय. गणपतीत गिटारवर यशराजच पाहिजे, तुझा दोस्त आहे, तूच बोलाव म्हणाले. मी शेजारी उभं राहून खुळखुळा वाजवायचा. तर बोलावलं, निरोप पोचला. आता माझं ऐक. सुट्टी मिळाली तरी मिळाली नाही असं लिही, आणि ते पत्र नानासोंच्याच पत्त्यावर टाक. आजवर तुझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

अजून तरी तुझाच,
अनीश